काळी पाच

अण्णा,

“सूर मेला म्हणून भजन थांबत न्हाई,” असं तुम्ही त्या संध्याकाळी देवळात म्हणालात आणि पुढं वाजवत राहिलात. मी आठ वर्षांची, खांबाला टेकून बसलेली. तुम्हाला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली, तरी ते वाक्य मी विसरलेले नाही.

परभणीत मी एका पियानोच्या क्लासला जाते, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. हसू नका. क्लासचा नियम असा, की प्रत्येकानं स्वतः रचलेली धून वाजवायची, बाकीच्यांनी काय ऐकू आलं ते सांगायचं, आणि वाजवणाऱ्यानं अक्षरही बोलायचं नाही. वहीत लिहून घ्यायचं, पुढच्या रविवारी बदलून आणायचं. माझी धून तुमच्यावरची आहे. कॅरिअरला पेटी बांधून पोखर्णीच्या रस्त्यानं सायकलवर निघालेले तुम्ही. वाजवून झाली तेव्हा अकरावीतली एक मुलगी म्हणाली, “काकू, लय गोड हाय. पण वर चढताना दरवेळी तुमी एक सूर सोडून उडी मारायलात.” तिच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका बसतात. ते म्हणाले, “मला बी तेच वाटलं. ताई, रस्ता तर चांगला हाय, मग खड्डा चुकवल्यासारखी गाडी कामून आडवी घालायलात?” सगळे हसले. मीही हसले. वहीत लिहिलं, ‘धैवत नाही’. तो खड्डा कोणी पाडला, हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं.

तुम्ही कागदाची पट्टी सरकवून पेटीच्या रीडमधली धूळ काढायचात, ते मी बघून ठेवलं होतं. शाळेच्या कामाला तुम्ही गंगाखेडला गेलात त्या दुपारी मला तुम्हाला खूश करायचं होतं. कागद सापडेना, म्हणून मी आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन घेतली. पितळेचं ते बारीक पातं, मी पिन आत घालते, टिच्च आवाज होतो आणि पात्याचं टोक तुटून पडतं. ओट्यावर तुमच्या चपला वाजतात. पिन हातातून आतच निसटते, उघडीच, आणि मी झाकण लावून टाकते. संध्याकाळी भजनात तुम्ही पाचवी काळी पट्टी दाबलीत, म्हणजे आपल्या भजनातला धैवत, आणि नुसती हवा आली. फुस्स. “मास्तर, पेटीला दमा झाला का काय?” टाळकरी ओरडले. तुम्ही परत दाबलीत. फुस्स. मग ते वाक्य म्हणालात, आणि घरी आल्यावर आईला एवढंच, “उंदरानं केलं असंल.” मंडळींचे गळे काळी एकच्या सुराला बसलेले, त्यामुळं गाण्याची पट्टी बदलता येईना. दुरुस्तीला पेटी नांदेडला न्यायची, ती न्यायचीच राहिली. तुम्ही पंचमावरून सरळ निषादावर जायला लागलात. हळूहळू सगळं भजनी मंडळ धैवत गाळून गायला लागलं, आणि माझा कान त्यातच वाढला.

या आठवड्यात मी तो सूर धुनेत घातला. बोट काळी पाचवर ठेवलं तेव्हा फुस्स होईल म्हणून डोळे मिटून घेतले. तो भरून वाजला. चटका बसावा तसं बोट उचललं. धून सुधारली, अण्णा, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. पोरगी खरं बोलत होती, ड्रायव्हरकाकाही. पण तो सूर लागला की सायकलवर कोणीच दिसत नाही. खोडला की तुम्ही परत येता, आणि तुमच्या मागं झाकण लावणारी ती मुलगीही येते. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. वहीचा कागद तिथं फाटायला आलाय.

काल शेवटी तुमची पेटी उघडली. रीड तशीच आहे, टोक तुटलेली. आणि झाकणाच्या आतल्या लाल कापडाला आईची पिन टोचून ठेवलेली होती. नीट, बंद करून.

मी ती उघडी टाकली होती.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून, ते आता कळायचं नाही. मला वाटायचं, तुम्हाला कळलं तर मी सुटेन. तसं काही झालं नाही. उलट कालपासून एकच धास्ती घेतली आहे, की मी येऊन सांगेन म्हणून तुम्ही वाट बघत होतात का? रोज संध्याकाळी तो सूर गाळताना एकदा माझ्याकडं बघत होतात का? मी तर खाली मान घालून बसायचे, मला कसं दिसणार.

रविवारी मी धैवत वाजवणार आहे. हे पत्र त्याच पिनेनं लाल कापडाला टोचून ठेवते. रीड मी तोडली, अण्णा. उंदीर नव्हता. काळी पाच वाजेल तेव्हा मागून एकदा माझ्यावर ओरडा, सगळ्या क्लाससमोर ओरडा, म्हणजे तुम्ही तिथं आहात एवढं तरी कळेल. तुम्ही ओरडणार नाही, ठाऊक आहे मला. तरी एकदा ओरडा.