चढावर बंद पडणारी गाडी

प्रिय भिंगरी,

तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, पोरगी दोन दिवस धड बोलत नाही, जेवायला बोलावलं की भूक नाही म्हणते आणि डोंगरातल्या त्या जनावरांच्या दवाखान्याला नकार कळवायचा म्हणते. का, तर ड्रायव्हिंगच्या परीक्षेत गाडी चढावर तीनदा बंद पडली, आणि लायसन्सशिवाय ते लोक फिरत्या दवाखान्याची गाडी तुझ्या हातात देणार नाहीत. अगं, लहानपणी शेजाऱ्यांच्या मांजरांना पकडून पकडून पट्ट्या बांधायचीस, आता खरीखुरी जनावरांची डॉक्टर झालीस, मनासारखी नोकरी दारात येऊन उभी राहिली, आणि एका चढापायी माघार? ते लोक महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत ना? मग हे पत्र पुरं होईपर्यंत तूही थांब. फोनवर मी बोलायला लागले की तू रडतेस, मग मी रडते, आणि सगळंच मुसळ केरात. म्हणून लिहितेय.

आधी माझ्याकडची गंमत ऐक. सध्या आमच्या कंपनीत माझ्याकडे चाचणीला जी नवी गाडी आहे, तिला अंगभर काळे-पांढरे पट्टे चिकटवलेत, कुणाला तिचं रूप कळू नये म्हणून. झालंय उलटंच. सिग्नलला थांबले की अख्खा रस्ता वळून बघतो. परवा एका आजोबांनी काचेवर टकटक करून विचारलं, सर्कस कुठे उतरलीय म्हणून. मी ठोकून दिला एक पत्ता! मागच्या सीटवर माणसांऐवजी वाळूची पोती बसवलेली असतात, बेल्ट लावून, आणि त्यांच्याइतके गुणी प्रवासी मी जन्मात पाहिले नाहीत. तुझे बाबा माझ्या गाडीत बसले की फाटकापासून हळू, हळू सुरू करतात. पोती हूं की चूं करत नाहीत. सगळं जग खड्डे चुकवतं आणि आम्ही मुद्दाम बांधून घेतलेल्या खड्ड्यांतून दिवसभर गाडी आपटत नेतो, कान टवकारून. खडखड निराळी, कुरकुर निराळी, किणकिण निराळी. इतकी वर्षं झाली, तरी सकाळी किल्ली हातात आली की मला अजून शाळा सुटल्यासारखं वाटतं. आवडीचं काम मिळायला नशीब लागतं गं. तुझं नशीब दाराशी आलंय आणि तू कडी लावून बसलीस, म्हणून माझा जीव तुटतो.

तर त्या पट्टेवालीला मी सहा महिने चालवतेय. दर अहवालात लिहिलं, चढावर उत्तम, तक्रार नाही. गेल्या आठवड्यात आमच्या इंजिनिअर बाईंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी हिशेबखात्यातल्या एका गृहस्थांना आणून गाडीत बसवलं. त्यांना लायसन्स मिळून महिनाच झालाय. स्टिअरिंग असं आवळून धरतात, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. चढावर निघाले, गाडी बंद. परत निघाले, परत बंद. बिचारे घामाघूम, आणि मी कडेला तोंडावर रुमाल धरून हसतेय. मग मी बसले, तर गाडी सुळकन वर. खाली उतरून ऐटीत म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं! बाईंनी माझ्या पायाखालच्या पेडलांना मोजमापाच्या वायरी जोडल्या, मला पुन्हा चढावर पाठवलं आणि मग पडद्यावर दाखवलं. क्लच झटक्याने पकडत होता. माझा डावा पाय त्याच्या आधीच अलगद थबकत होता, उजवा तेवढ्यात किंचित वेग देत होता, आणि मला याचा पत्ताच नव्हता! बाई म्हणाल्या, तुम्ही गाडी तपासत नव्हता, तिला सांभाळून घेत होता. लाडावलेल्या पोराची आई नाही का म्हणत, आमचा बाळ कुणालाच त्रास देत नाही, तसली माझी गत. अंगण खरोखरच वाकडं निघालं.

मला राग यायला हवा होता. पण इतकं हसू आलं की विचारू नकोस. गाडी बाजारात जायच्या आत दोष सापडला, नाहीतर किती नवखी माणसं जागोजागच्या चढांवर भर रहदारीत शिव्या खात उभी राहिली असती! त्या गृहस्थांना खांद्यावर घेऊन मिरवायचं तेवढं बाकी ठेवलं आम्ही. आता ते कँटीनमध्ये छाती काढून सांगतात, की आपल्यासारखी गाडी बंद पाडणं येरागबाळ्याचं काम नाही.

त्याच संध्याकाळी घरी जायला माझ्या जुन्या गाडीत बसले, किल्ली फिरवली आणि हात तसाच राहिला. तू याच गाडीवर शिकलीस. परीक्षाही हिच्यावरच दिलीस. चढावर बंद पडली की मी ओरडायचे, हळू सोड गं, पाय आहे की वरवंटा! तशीच धावत गेले आणि त्या गृहस्थांना हाताला धरून घेऊन आले. कंपनीच्या फाटकाजवळच्या चढावर ते चारदा निघाले, चारही वेळा गाडी बंद. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने क्लच उघडला, प्लेट पार झिजून तीही झटक्याने पकडत होती. त्याने विचारलं, ही गाडी इतके दिवस चालवत कोण होतं? भिंगरी, मी चालवत होते. तुझे पाय शहाणे आहेत गं राणी, गाडी जशी होती तशीच ते सांगत होते. आता आत्याने वेळीच बघितलं असतं तर, असं काही म्हणू नकोस. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. नवा क्लच बसवलाय. रविवारी सकाळी गाडी घेऊन येते. तोवर नकार कळवायचा नाही, आणि परीक्षेची पुढची तारीख घेऊन ठेवायची. तुमच्या घरामागच्या चढाच्या पायथ्याशी किल्ली तुझ्या हातात देईन. शेजारी मात्र बसणार नाही, कारण बसले तर माझं तोंड गप्प राहणार नाही. मी माथ्यावर जाऊन उभी राहते. तू एकटी वर ये.

रविवारची तुझ्याहून जास्त वाट बघणारी,
तुझीच आत्या