मेंदूच्या रिकाम्या जागी

५ मार्च, सोमवार
पोहोचले एकदाची! लोमा सेका गाव म्हणजे चार रस्ते आणि भरपूर धूळ, पण संग्रहालयामागच्या दोन खोल्या माझ्या आहेत आणि नोकरी कायमची आहे. दोन वर्षं बहिणीकडे, मिर्ताकडे, ठेवलेली माझी लेक एलुनेय शनिवारच्या बसने येणार. आता तिला कुठेही ठेवायची वेळ येऊ देणार नाही.

जीवाश्म साफ करायच्या कार्यशाळेचे प्रमुख एवारिस्तो सत्तरीचे आहेत. सगळे त्यांना म्हातारबा म्हणतात. "ये गं हडकुळे," म्हणत त्यांनी माते पुढे केला, म्हणजे इथला कडू चहा, सगळ्यांनी एकाच नळीने आळीपाळीने ओढायचा. मग एक खडा दिला आणि विचारलं, हाड की दगड? मी तो जिभेला लावला. चिकटला, म्हणजे हाड. म्हातारबा खूश झाले. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी परीक्षा.

६ मार्च
मांसाहारी डायनासोरची कवटी माझ्याकडे आली. मेंदू कधीच कुजून गेला, पण त्याची पोकळी शिल्लक आहे. ती साफ करायची, पातळ रबर ओतायचं, सुकलं की ओढून काढायचं, की मेंदूचा आकार हातात. म्हातारबांच्या मते त्यांची कोंबडी याच्यापेक्षा हुशार असेल. राजधानीतल्या संशोधक बाईंनी फोनवर बजावलं, की नुसत्या आकारावरून अक्कल मोजू नका.

पोकळीच्या आत एक काळसर पापुद्रा होता. हाड की चिखल, कळेना. सवयीने जीभ लावली. अशी घट्ट चिकटली, की सोडवताना रक्त आलं. म्हातारबा पोट धरून हसले.

७ मार्च
रबर निघालं. लांबट रताळ्याएवढं. विचार करायचा भाग बारीकसा, आणि पुढे वासाच्या दोन मोठ्या गाठी.

आज मातेची नळी तोंडात धरली आणि माझ्याआधी कोण कोण प्यायलं ते वासावरून कळलं. एकाची दाढ किडली आहे. खाटीक तीन गल्ल्या पलीकडे आहे, तरी त्याने बोकड कधी कापला तेही कळलं. मजा वाटली. नंतर फार भूक लागली.

८ मार्च
संशोधक बाईंचं नाव आठवेना. मग "चमचा" हा शब्द आठवेना. जेवण हातानेच उरकलं, कच्चंच.

एलूचा फोन आला. ती खूप बोलली. आवाज गोड होता, पण अर्थ लागत नव्हता. नुसती हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर ढसाढसा रडले. माझ्या पोरीचं बोलणं मला कळेना!

९ मार्च
आज बोलणं पुन्हा कळतंय. मिर्ताला फोनवर सांगितलं, एलूला पाठवू नकोस. ती तडकली. म्हणाली, पुन्हा शब्द फिरवतेस? पोर दोन दिवस बॅगेवर बसून आहे, उद्याच्या बसने पाठवणारच. खरं कारण कसं सांगू? म्हातारबांनी मातेसाठी हात पुढे केला तेव्हा मी माते पाहिलाच नाही, त्यांचं मनगट पाहत होते. तेही मजेत म्हणाले, "काय गं, खातेस की काय मला?"

मी हो म्हणाले असते.

रबराचा तो मेंदू जाळला. काही फरक नाही. तो रबरात नाहीच, माझ्या कवटीत आहे.

१० मार्च
म्हातारबांच्या पाया पडले. मला खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावा म्हटलं. लावलं. पोरीला परत पाठवा म्हटलं, तर मान हलवली — म्हणाले, दगडाची धूळ डोक्यात गेलीय तुझ्या, लेकरू दिसलं की उतरेल.

ओरडले. शब्द नाही आले. फक्त आवाज.

दुपार
लिहीत राहिलं पाहिजे. लिहिते तोवर मी — एलुनेय. सात वर्षांची. माझी. डाव्या गालावर तीळ. माझी.

बस आली. खिडकी बंद, तरी — दूध, साबण, ऊन लागलेले केस. तोंडाला पाणी सुटलं. देवा, तोंडाला पाणी —

पावलं. म्हातारबा सांगतायत, आई आत आहे, घाबरू नकोस, आईला मिठी मार. नको. नको हो. दाराची कडी दाताने धरलीय —

ती हाक मारते. काय म्हणते कळत नाही. दोन अक्षरं. तीच तीच दोन —

किल्ली

माझी लेक आहे ही लेक आहे लेक खायची नाही लेक ले