यमराजाचं आजोळ

घोडेगाव, ता. नेवासा
रविवार

तीर्थरूप आप्पासाहेब मामांना,

संदीपचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींनाही तसाच, आणि त्यांना सांगा की पत्रातून वाकणाऱ्याला आशीर्वाद द्यायला खुर्चीतून उठावं लागत नाही, तेव्हा गुडघ्यांना त्रास देऊ नये. राजूरला थंडी उतरली असेल. तुम्ही कानटोपी खिशात घालून फिरायला जाता आणि घरी येताना फाटकापाशी डोक्यावर चढवता, हे मामींना ठाऊक आहे. (त्यांनी सीमाला सांगितलं, सीमाने मला सांगितलं, आणि मी तुम्हाला सांगावं की नाही यावर दोन दिवस विचार केला.) इकडे मी, सीमा आणि निकिता तिघंही खुशाल आहोत. हे वाक्य गेले दोन महिने लिहिता येत नव्हतं, म्हणून पत्रच लिहिलं नाही. फोनवर मी "सगळं ठीक" म्हणत होतो, पण ती बोलण्याची रीत झाली. लिहिताना माझा हात अडतो.

झालं होतं असं, की आपली निकिता बोलायची थांबली होती. तुम्ही तिला ओळखता. शाळेत तिला तोंड बंद ठेवायला सांगता सांगता बाईंचा घसा बसायचा. तीच पोर बारावीत गेल्यावर घरात हो आणि नाही या दोन शब्दांवर आली. सीमाला वाटलं अभ्यासाचा ताण, मला वाटलं माझं काही चुकलं (मला बहुधा तसंच वाटतं). शेवटी तिची मैत्रीण संस्कृती हिने उलगडा केला. दोघी मोबाईलवर एक गेम खेळतात. विमानातून माणसं एका बेटावर उड्या मारतात, घराघरांतून बंदुका शोधतात आणि शेवटचा गट उरेपर्यंत एकमेकांना मारतात. चौघांचा गट असतो आणि चौघं कुठेही बसून एकमेकांशी बोलू शकतात. निकिता यात फार तरबेज आहे, हे मला तेव्हा कळलं. बाप म्हणून अभिमान वाटावा की चिंता, हे अजून ठरलेलं नाही. तर त्या गटात कुणाच्या तरी ओळखीने "डेंजर यमराज" या नावाचा एक मुलगा आला. (ओळख नेमकी कुणाची, हे आता कुणीच कबूल करत नाही.) मुलीचा आवाज कानावर पडला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "ए पोरी, भाकऱ्या थाप जा. हितं काय काम हाय तुजं?" इथपर्यंतचं मी लिहू शकतो. पुढच्यासाठी माझ्या डायरीतही फुल्या मारल्या आहेत. निकिताने त्याला गटातून काढलं, तर तो दुसरं नाव घेऊन आला. तक्रार केली, तर कंपनीच्या यंत्राने आभार मानले. मग तिने आपला माईकच बंद केला. मुकी होऊन खेळायची, आणि मुकेपणाची सवय हळूहळू जेवणाच्या ताटापर्यंत आली.

मी त्या रात्री स्वतःला विचारलं, की मला राग आला तो शिव्यांचा, की त्या माझ्या मुलीला दिल्या याचा? उत्तर फारसं शोभादायक नव्हतं. त्यातून मी असं ठरवलं, की समोरच्याची बाजू ऐकल्याशिवाय काही करायचं नाही. सीमा म्हणाली, "शिव्यांना बाजू असती का कुठं?" पण कॉलेजच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढल्यावर माणसाला पान उलटून बघितल्याशिवाय राहवत नाही. मी गेम उतरवून घेतला आणि संस्कृतीला सांगून त्यांच्याच गटात शिरलो.

मामा, तिथलं माझं पदार्पण काही मानाचं झालं नाही. पहिली अडचण नावाची. सगळे टोपणनावांनी वावरतात, ते मला लपून दगड मारल्यासारखं वाटलं, म्हणून मी पूर्ण नाव टाकू लागलो. जागा संपली आणि मी "संदीप ग्रंथपा" एवढाच राहिलो. दुसरी अडचण कपड्यांची. नवख्याला त्या गेममध्ये बनियन आणि अर्धी चड्डी एवढंच मिळतं. मुलीच्या मैत्रिणीसमोर, भर माळावर, मी तसा उभा. बंदूक राहिली बाजूला, मी आधी विजार शोधत घरोघर हिंडलो. (कुणाच्या घरात हाक न मारता शिरणं जिवावर येत होतं. एकदा मी दाराबाहेर थांबलो, तेव्हा खिडकीतून गोळी आली.) एकदा पॅराशूटने नदीत पडलो. एकदा समोरचा गडी पाठमोरा होता, त्याला पाठीमागून कसं मारायचं म्हणून थांबलो, तर त्याला तशी काही अडचण नव्हती. आठवड्याभरात माझ्यावरच कुणीतरी तक्रार नोंदवली, कारण होतं "मुद्दाम हरणे". मी त्यावर बराच विचार केला. मुद्दाम नव्हतं.

यमराजाला मी आधी लेखी विनंती केली. तिथे निरोप लिहायची एक चिंचोळी जागा असते. मी मजकूर नीट जुळवला होता, "आपले बोलणे ऐकून आनंद झाला नाही, कृपया विचार व्हावा." यंत्राने "आनंद" या शब्दाशी मजकूर तोडला. यमराजाने मला लाल बदाम पाठवला. पुढच्या डावात तो दुप्पट उत्साहाने बोलला, कारण आता त्याला श्रोता मिळाला होता. या पापाचा वाटेकरी मी आहे.

मग आला मागचा शुक्रवार. आमच्याकडे बाजार, कॉलेजला सुट्टी. गटात निकिता (मुकी), संस्कृती, यमराज आणि मी. मी माईक चालू केला, पण गडबडीत नको ते बटण दाबलं, आणि माझा आवाज आमच्या गटापुरता न राहता आसपासच्या सगळ्या शत्रूंना ऐकू जाऊ लागला. हे मला फार उशिरा समजलं. आम्ही एका दगडामागे बसलो होतो. यमराज म्हणाला, "ए म्हाताऱ्या, चड्डीवर कुटं फिरतोय? जत्रा हाय का?" मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, पण ते असो. तेवढ्यात घरामागून म्हशी ओरडल्या, बाजारातून येणाऱ्या. तो थांबला. म्हणाला, "म्हस कुटं वरडली रं?" मी म्हणालो, "आज घोडेगावचा बाजार आहे." "आमची चंद्री तिथनंच आनली हुती," तो म्हणाला. आणि मामा, यानंतर जे झालं ते मी योजून केलं असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. एसटीत शेजारी बसलेल्याला आपण विचारतो, तसं माझ्या तोंडातून निघून गेलं, "गाव कोणतं तुमचं? कोणाचे तुम्ही?"

एवढा वेळ ज्याच्या तोंडाला उसंत नव्हती, तो आता जपून बोलू लागला. आवाजही खाली आला. "आमी अकोल्याकडचे. भंडारदऱ्याच्या अलीकडं." मी म्हणालो, "आणि आजोळ?" (गोळ्या सुटत होत्या. पण आजोळ विचारल्यावर उत्तर न देणारा माणूस आपल्या जिल्ह्यात जन्मायचा आहे.) "राजूर." "राजूरला कोणाकडे?" आजीचं नाव काय म्हणाला? भागिरथी. मला लख्ख आठवलं. भागिरथीताई, तुमच्या चुलतभावाची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण. तिच्या मुलीचा मी मामा. म्हणजे त्या मुलीच्या मुलाचा मी आजोबा. आणि निकिता त्याची मावशी. मी हे सगळं मोठ्याने, एकेक पायरी करत सांगितलं. पलीकडच्या टेकडीवर शत्रूचे दोघं होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, ते आम्हाला स्वच्छ ऐकू आलं, "थांब रं, नातं काढून होऊ दे त्यांचं. मंग मार."

"नाव काय तुझं, बाळा?" मी विचारलं. डेंजर यमराज म्हणाला, "राधाकृष्ण." आणि पुढे, "आई राधू म्हनती."

तेव्हा, मामा, दोन महिन्यांनी निकिताचा माईक चालू झाला. ती म्हणाली, "राधू, मावशी आहे मी तुझी. पाया पड आधी." गेममध्ये पाया पडायची सोय नाही. नाचायची आहे. राधाकृष्णाने थोडा विचार केला आणि बंदुकीसकट तिच्यासमोर जमिनीवर आडवा झाला. सरपटण्यासाठी तशी हालचाल ठेवलेली आहे, पण बंदूक वगळली तर तो बिनचूक साष्टांग नमस्कार दिसतो. निकिता हसायला लागली. आतल्या खोलीतून येणारं ते हसणं ऐकून सीमा कणकेच्या हातांनी धावत आली. टेकडीवरच्या दोघांनी मग आम्हा चौघांनाही मारलं. हरल्याचं इतकं समाधान मला कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून सगळं पालटलं. राधाकृष्ण तिला "मावशी, मागं हो, म्होरं मी हाय" असं म्हणतो, आणि ती त्याला "तू मागं हो, तुझा नेम धड नाही" असं सुनावते. कुणी नवा आला आणि तोंड सोडलं, की राधाकृष्णच त्याला अडवतो. "मावशीसमोर न्हाई हां. गाव कोन्तं तुजं?" मला आजोबा म्हणतो. (सुरुवातीला टोचलं. आता फक्त आरशात बघताना टोचतं.) निकिता तर इतकी बोलते, की काल सीमा म्हणाली जरा वेळ तो माईक बंद कर, आणि लगेच तिनेच जाऊन तो पुन्हा चालू करायला सांगितला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. निकितानेच ती विचारली. "पप्पा, मी त्याची मावशी निघाले म्हणून तो सुधारला. जी कुणाचीच मावशी नाही, तिने काय करायचं?" मी डायरीत प्रश्न लिहिला आणि खाली जागा सोडली. तिने मात्र माझी वाट पाहिली नाही. राधाकृष्णाला सांगितलं, "संस्कृती तुझी कुणी लागत नाही. तरीपण." त्याने विचारलं, "तरीपन काय?" ती म्हणाली, "तरीपण." आता तो संस्कृतीशीही सरळ बोलतो. याचं श्रेय मी घेत नाही.

तुमची तब्येत जपा. मामींच्या गुडघ्यांना सीमाने तेल पाठवलं आहे, ते रोज लावायचं आहे, दाखवायचं नाही.

तुमचा भाचा,
संदीप

ता. क. पत्र लिहायला बसलो ते खरं तर यासाठी. त्या दिवशी नातं सांगताना मी म्हणालो होतो, की खात्री हवी तर राजूरच्या आप्पासाहेब मामांना विचार, आणि तुमचा नंबरही सांगितला. (आवाज सगळ्यांना जात होता हे वर आलंच आहे. अनोळखी मुलं फोन करून "आमचं बी नातं काढा" म्हणत असतील, तर त्याबद्दल क्षमा असावी.) राधाकृष्ण या आठवड्यात तुम्हाला नक्की फोन करणार आहे. आता अडचण अशी, की काल सीमाने हे सगळं पुन्हा नीट ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "भागिरथीताईंना मुलगी कधी झाली? दोन्ही मुलगेच की." तिचं बरोबर आहे. लग्नकार्यात साड्या ती देते, म्हणून कुणाला कोण आहे हे तिला ठाऊक असतं. राधाकृष्णाची भागिरथी दुसऱ्या कुठल्या तरी घरची. तो आपला कुणी लागत नाही. तर मामा, फोन आला की तेवढं "हो, आपलाच आहे" म्हणाल का?

ता. क. २. वरची विनंती लिहून मी अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. तुम्ही शाळेत मास्तर असताना गैरहजर पोराची हजेरी साहेबांच्या सांगण्यावरूनही मांडली नाहीत. अशा माणसाला मी खोटं बोलायला सांगतो आहे. पटत नसेल तर फोन उचलूच नका. पण उचललात आणि खरं सांगितलंत, तर निकिताचं काय होईल याची मला भीती वाटते. ती पोर मला पुन्हा मुकी झालेली बघायची नाही. एवढंच.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी निकिताने पत्र वाचलं. (विचारून वाचलं.) ती म्हणाली, राधूला केव्हाच माहीत आहे. त्याने त्याच संध्याकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, "आपलं न्हाई रं तिकडं कुनी. पर मानूस आपनहून आजोबा म्हनवून घेतोय, तर म्हन की. तुजं तोंड तर सुदारलं." निकितालाही त्याने दुसऱ्या दिवशीच सांगून टाकलं होतं. ती म्हणाली होती, मावशी म्हणायचं तर म्हण, नाहीतर निकिता म्हण, पण तोंड सांभाळ. तो म्हणाला, मावशीच बरं वाटतंय. तुम्हाला फोन करायचा आहे तो खात्रीसाठी नाही. त्याला तुम्हाला विनवायचं आहे, की "संदीप आजोबांना खरं कळू देऊ नका, म्हाताऱ्या मानसाच्या जिवाला लागंल." तेव्हा मामा, त्याला निःशंकपणे हो म्हणा, आणि मी हे पत्र लिहिल्याचं, म्हणजे मला खरं कळल्याचं, बोलू नका. तुम्हाला दोनदा खोटं बोलावं लागणार नाही. एकदा बोललेलं आम्हा दोघांनाही पुरेल.