अकरा पावलं

ओल्थविक, मे १९५८

प्रिय ॲम्ब्रोज,

ऑस्ट्रेलियाहून तुझं पत्र आलं. गावाची खबर विचारतोस. ईस्टरची प्रार्थना झाल्यावर मी बाबांसारखीच चर्चच्या भिंतीपासून कड्यापर्यंत पावलं मोजली. त्यांच्या वेळी दोनशे होती, यंदा अकरा भरली. आपली गिरणीची गल्ली केव्हाच समुद्रात गेली. आता तिथे खेकड्यांचे पिंजरे टाकतात.

आईची कबर कड्यापासून दूर, नव्या दफनभूमीत हलवून घ्या, असं पाद्रीसाहेबांनी मला सहा वर्षांपूर्वी बजावलं होतं. मी म्हटलं, "आधी बटाटे निघू देत." त्याच नोव्हेंबरात वादळाने कडा ढासळला. कबरी खणणारा जेथ्रो सकाळी सांगत आला, "बाई, कबरीवरची शिळा तेवढी गवतात अडकलीय. खाली काही उरलं नाही."

"शिळा उचल आणि तोंड मिट," मी म्हटलं.

नव्या दफनभूमीत तीच शिळा उभी आहे. तिचाच फोटो तुला पाठवला. तुझ्या नावाने फुलंही वाहते. तेव्हापासून किनाऱ्यावर चालताना मी वाळूकडे बघत नाही.

आणि आता तू लिहितोस, डॉक्टरांनी हात टेकले, शेवटी घरीच येतोय, मला आईशेजारी ठेव.

काल जेथ्रोला शिळेशेजारची जागा दाखवली. तो टोपी काढून म्हणाला, "एकटा पडेल हो बिचारा इथे."

मी हे पत्र टपालात टाकणार नाही. तुला फक्त 'हो, ये' एवढंच लिहीन. जेथ्रोला मात्र सांगितलंय, चर्चच्या भिंतीलगत खण, समुद्राच्या बाजूने. अकराच पावलं राहिलीत. पुढचं समुद्र बघून घेईल.

तुझी वाट बघणारी,
हेस्टर