चिंचेनं धुतलेली गाळणी

सर,

काल तुमच्या लाडक्या विद्यार्थ्याच्या गाळणीचं पाणी माझ्या टेबलावर आलं. मी लातूरला सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासते, हे तुम्हाला माहीत होतं. तो मात्र लोखंडाचा थर दिलेल्या विटेच्या खड्यांच्या गाळण्या गावोगाव बसवत फिरतो, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी जो भेटेल तो मला त्याचंच कौतुक ऐकवतो. बाटलीवर त्याचं ते तिरकं अक्षर होतं. पाणी तपासलं, फ्लोराइड हद्दीच्या आत निघालं. पुन्हा तपासलं. मग तिसऱ्यांदा. तरीही आकडा हलेना, तेव्हा मुकाट्यानं सही केली. तीनदा तपासायचा काही नियम नाही. पोटात दुखत होतं, म्हणून तपासलं.

नांदेडला कॉलेजच्या मागची तुमची ती पत्र्याची खोली. आम्ही दोघं भट्टीवरून फुटक्या विटा आणतो, कुटतो, चाळतो, तुरीच्या दाण्याएवढे खडे वेगळे काढतो. ते लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवायचे, वरून सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडायचं, की खड्यांवर गंजासारखा लाल थर चढतो आणि बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवतो. माझे हात आठवडा आठवडा लाल असायचे. आई म्हणायची, लग्नाचा पत्ता नाही आणि मेंदी आधीच लावून बसली. तो रेणापूरचा, शेतकऱ्याच्या घरचा. काचेची भांडी फोडायचा, नोंदी चुकवायचा, आणि तुम्ही त्याला चारचौघांत "गाढवा!" म्हणून ओरडायचात. मला कधी आवाज चढवून बोलला नाहीत. मला शाईचं पेन दिलंत. "तुझं अक्षर मोत्यासारखं आहे, नोंदी तू ठेव." आणि त्याला काय दिलंत, तर हिमायतनगरच्या पुढचं ते अख्खं गाव, जिथं पोरांचे दात पिवळे पडलेले आणि पन्नाशीतल्या माणसांचे गुडघे वाकत नव्हते. मीही जाते म्हटलं, तर म्हणालात, एसटीचे धक्के खात तू कुठं फिरशील. त्या दिवसापासून मला त्याच्या चपलांवरची त्या गावची धूळसुद्धा बघवत नव्हती.

मग एकदा तो तापानं पडला आणि नमुने आणायला तुम्हाला मलाच पाठवावं लागलं. घटस्थापना दोन दिवसांवर होती. ज्या घरी गाळणी ठेवली होती, तिथल्या मावशींनी सगळं घर अंगणात काढलं होतं. गोधड्या दोरीवर, तांब्या-पितळेची भांडी घासून उन्हात पालथी. नवमीला त्यांना माहूरला जायचं होतं. गाळणीचा पिंपही धुऊन जागेवर बसवलेला. मी झाकण उघडलं आणि बघतच राहिले. आतले खडे कोऱ्या विटेसारखे गुलाबी दिसत होते.

"लई घाण बसली होती बघा त्यात," मावशी म्हणाल्या. "लाल लाल, गंजावानी. पाणी प्यायचं भांडं, अन् सणाला असं ठेवावं का? चिंच लावून घासले सगळे खडे. चार पाण्यानं धुतले. दोपार गेली माझी. चांगलं केलं ना, मॅडम?"

त्यांनी धुऊन टाकलं होतं तेच तर औषध होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, सर. मी म्हणाले, "छान केलंत, मावशी." त्यांनी हौसेनं त्याच गाळणीचं पाणी तांब्यात भरून दिलं. मी ते प्यायले, बाटल्या भरल्या, आणि तुम्ही दिलेल्या पेनानं वहीत लिहिलं, 'खड्यांचा रंग फिकट.' तेवढं खरं होतं.

फ्लोराइड जसंच्या तसं निघालं. तो बरा होऊन आला त्या दिवशी तुम्ही त्याला झाड झाड झाडलंत. थर कच्चा बसवलास, लोकांच्या जिवाशी खेळतोस का! तो मान खाली घालून उभा, आणि मी वही उघडून बसलेली, आतून सुखावलेली. वाटलं, आता सरांचं मन याच्यावरून उडेल. झालं भलतंच. तुम्ही रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसायला लागलात. दोनदा थर द्या, भट्टीत ताव वाढवा, पुन्हा कुटा, पुन्हा भाजा. एक चहा दोघांत. मी नोंदी पूर्ण करून घरी जायची आणि जाताना खिडकीतून बघायची. पुढं तुमच्या शोकसभेत तो रडत म्हणाला, "त्या संध्याकाळींनी मला घडवलं." तिसऱ्या रांगेत बसून मी मनात म्हणत होते, त्या संध्याकाळी तुला मी दिल्यात, बाबा. हे कुणालाच माहीत नाही, एवढाच काय तो मला इतकी वर्षं दिलासा होता.

काल सही झाल्यावर त्याचा फोन आला.

"काय गं, पाणी बरं हाय का?"

"आहे."

"ते खडे चिंचेनं घासून धुतलेले हायेत. मुद्दाम धुवायला लावले अन् मग पाणी पाठवलं." तो हसला. मग सहज बोलावं तसं म्हणाला, "त्या मावशीनं मला तवाच सांगितलं होतं, मॅडम छान केलं म्हणाल्या म्हणून. मी दुसरे खडे भरून दिले अन् येऊन सरांच्या कानावर घातलं. सर मग म्हणाले, बाया घासणारच, घासलं तरी टिकंल असा थर कर. अन् तिला काही बोलू नको."

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. तो त्या गावी जाईपर्यंतचे पंधरा दिवस त्या घरातली पोरं गाळलेलं समजून बोअरचं पाणीच पीत होती, ते आधी डोळ्यांपुढं यायला हवं होतं. ते आलं, पण नंतर. आधी जे आलं ते हे, की माझं गुपितसुद्धा तुम्ही त्याच्याचपाशी ठेवलंत. एका फुटक्या काचेसाठी त्याच्यावर खोली डोक्यावर घेणारे तुम्ही, माझ्या एवढ्या मोठ्या अपराधावर एक शब्द खर्च केला नाहीत. नोंदी तेवढ्या माझ्याकडून लिहून घेत राहिलात. एकदा ओरडायचं तरी होतंत, सर. त्यानं खाल्लेल्या बोलण्यांचाही मी हेवा करते आहे, हे वयाला शोभत नाही, पण आहे ते असं आहे.

हे कुणाला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचं कुठं? त्यानं शेवटी विचारलं, "आठवते का गं तुला ती मावशी?" समोरून इतकी सोपी वाट करून दिली होती त्यानं.

मी म्हणाले, "नाही रे. मी त्या गावाला गेले होते, हेच आठवत नाही."