आतल्या खोलीतला पाहुणा

प्रिय धाकट्या,

सुट्टीत येतोय म्हणालास, मी "ये की, घर तुझंच आहे" म्हणून फोन ठेवून दिला. पुढचं फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच ओरडला असतास. म्हणून लिहितेय. आधी शेवटपर्यंत वाच, मग हवा तेवढा थयथयाट कर.

सोमवारी सलून बंद असतं, तेव्हा मी कात्री-वस्तरा घेऊन चर्चच्या सिस्टर चालवतात त्या निराधारांच्या घरी जाते, हे तुला माहीत आहे. खरं सांगू? आधी आधी त्यात थोडं मिरवणं होतं. गिऱ्हाइकांच्या कानावर घालायला बरं वाटायचं. तिथे भिंतीवर एका संताची तसबीर आहे. बाकीच्या संतांच्या हातात पुस्तकं, किल्ल्या, आणि हा बापडा झाडू घेऊन उभा. सिस्टर म्हणाल्या, हा तुमच्याच धंद्यातला, केस कापायला शिकलेला. झालं, माझी कॉलर ताठ. पुढचं ऐकलं आणि उतरली. मठातले त्याला हलका समजायचे आणि हा त्यांचीच दुखणी-खुपणी काढायचा. एकदा रस्त्यावरचा फोडांनी भरलेला म्हातारा त्याने उचलून आणला आणि सरळ स्वतःच्या बिछान्यात झोपवला. चादरी घाण झाल्या म्हणून सोबतचे चिडले, तर हा म्हणे, चादर धुता येते. मी नुसतं "छान" म्हटलं. ऐकायला काय जातं?

मग गेल्या महिन्यात एक नवा म्हातारा खुर्चीत बसला. मोतीबिंदूने डोळे गेल्यातच जमा, छातीत घरघर. मी पाठीमागे गेले, तर डोक्यावर दोन भोवरे, अगदी तुझ्यासारखे. योगायोग असेल म्हणून मी कात्री उचलली, तोच त्याने न सांगता स्वतःचा कान बोटाने दुमडून धरला. आपला बाप आईच्या आरशासमोर दाढी करताना धरायचा तसा. मानेवर तोच डागणीचा डागही होता. अरे, मी सातवीत, तू बालवाडीत, आणि हा माणूस मागे न बघता गेलेला. वस्तरा हाताशीच होता, वाईट विचारही आला, लपवत नाही. आईने दुसऱ्यांचे कपडे शिवून डोळे घालवले ते मी विसरलेले नाही.

मला त्याच्या तोंडावर माझं नाव सांगायचं होतं. त्याने पाय धरावेत, रडावं, मग मी मोठ्या मनाने माफ करावं, असं सगळं मनात मांडून दुसऱ्या सोमवारी गेले. त्या दिवशी तो आपणहून बोलला. "मला एक मुलगी आहे. तिच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ?" जुना एक शेजारी ओळखायला लागला म्हणून आधीच्या आश्रमातून तो रातोरात निघून गेला होता, हे सिस्टरांनी सांगितलं. मी नाव सांगितलं तर आताही निघून जाईल, आणि या छातीने रस्त्यावर किती टिकेल? मग माझं समाधान मोठं की त्याचं छप्पर? तसबिरीकडे बघायचीसुद्धा लाज वाटली.

मी त्याला घरी आणलंय. माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर. मी बाहेर सोफ्यावर झोपते, पाठ बोंबलते, बोंबलू दे. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. तो मला "सलूनवाल्या बाई" म्हणतो. तो कधी दिसला तर तंगडं मोडीन, असं तू म्हणाला होतास, तुझा राग खोटा नाही, आणि मी तुझी परवानगीही मागत नाहीये. पण इथे यायचं तर त्याला काही कळता कामा नये. जमणार नसेल तर आत्ता येऊ नकोस, मी रागावणार नाही.

एकच गोष्ट मात्र तुझ्याकडे मागतेय, त्यासाठीच हा सगळा कागद. मी त्याला सांगितलंय की आमचे वडील लहानपणीच वारले. परवा चमच्याने पेज भरवत होते तर म्हणाला, "चांगला माणूस असणार तुमचा बाप." मी हो म्हटलं. तुलाही तो तेच म्हणेल. तूही हो म्हण.

तुझीच,
ताई