डुकरांची फौजदारी

न्यू हॅम्पशायर, मार्च १८२४

तीर्थरूप एलिफॅलेटमामांना भाचा असाहेल याचा टोपी काढून नमस्कार.

तुमचा संधिवात बर्फाबरोबर ओसरला असेल आणि मामींचा खोकला त्यांना बोलण्यातून सवड देत असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल. म्हणजे मेहिटेबल खुशाल आहे, त्यामुळे मलाही राहावं लागतं.

गावचा प्रतिनिधी होऊन तिकडे काँकर्डला, राज्याच्या विधानसभेत, येण्याच्या माझ्या बेताचं काय झालं, असं तुम्ही विचारलंत. मामा, दर मार्चच्या गावसभेत मी उभा राहतो आणि दर मार्चमध्ये पडतो. आपल्या वाडवडिलांनी इंग्लंडच्या राजाला हाकललं ते उगाच नव्हे. गावातल्या पुरुषांना प्रार्थनाघराच्या गार बाकांवर दिवसभर बसून पुलाच्या फळ्यांवरून भांडता यावं, एवढ्या उदात्त हेतूनं त्यांनी रक्त सांडलं. गेल्या मार्चमध्ये मी मेहिटेबलशी नुकतंच लग्न केलं होतं (ती विधवा, मी पंचेचाळीस वर्षांचा, दोघांनाही घाई नव्हती). आणि नव्या नवऱ्याला डुकरांचा फौजदार नेमायचं, ही आमच्या गावची जुनी थट्टा. सभापती ओबेडिया टटल यांनी माझं नाव पुकारलं आणि इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यासाठी सगळ्यांचे हात वर झाले. शहाणा माणूस अशा वेळी शपथ घेतो, चार जणांना सफरचंदाची सायडर पाजतो आणि वर्षभर डुकरांकडे ढुंकून बघत नाही. मी मात्र काम चोख करायचं ठरवलं. म्हटलं, आज डुकरं, उद्या काँकर्ड.

नियम असा, की मोकळ्या डुकराच्या नाकात कडी हवी आणि गळ्यात लोढणं हवं. ऑगस्टमध्ये टटल यांच्या कोबीत एक डुकरीण बिनकडीची सापडली. मी तिला थेट कोंडवाड्यात घातलं. ती मेहिटेबलची होती. (मला माहीत होतं. कायद्यापुढे सगळे समान, असं मी भर रस्त्यात म्हणालोही.) मेहिटेबल ओरडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. ती एवढंच म्हणाली, “बरं हो, फौजदारसाहेब.” मग आठवडाभर ती भोपळ्याचे गोड पाव घेऊन घरोघर बायकांकडे बसायला जात होती. मी समजलो, राग निवला.

रविवारी प्रार्थना सुटली आणि बघतो तर गावातलं एकूण एक डुक्कर रस्त्यावर! एकाच्याही नाकात कडी नाही. धर्मगुरूंचंही त्यात होतं. मी धावलो, घसरलो, माझी रविवारची विजार फाटली, आणि प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर सगळ्या बायका हाताची घडी घालून शांतपणे उभ्या. संध्याकाळी गावचे तिन्ही पंच टोप्या हातात घेऊन आमच्या स्वयंपाकघरात हजर झाले.

“मेहिटेबलबाई, काय म्हणणं आहे तुमचं?”

“डुकरीण घरी, टटलांच्या कोबीला कुंपण, आणि शाळेत शेगडी,” ती म्हणाली. “हिवाळ्यात पोरांची बोटं गारठतात.”

“शेगडीचा डुकरांशी काय संबंध?”

“अंधार पडायच्या आत तुम्हीच शोधून काढा.”

त्यांनी तो शोधला. मला कोणी काही विचारलं नाही.

असो. आनंदाची बातमी अशी, की या मार्चमध्ये मी भरघोस मतांनी प्रतिनिधी म्हणून निवडून आलो! गावाला उशिरा का होईना, माझ्या निःपक्षपातीपणाची किंमत कळली. प्रजासत्ताकावर माझा विश्वास पुन्हा बसला आहे.

मामींना सप्रेम नमस्कार.

तुमचा,
असाहेल

ता. क. जूनमध्ये अधिवेशनासाठी तुमच्याकडे उतरावं म्हणतो. आम्ही दोघं येऊ.

ता. क. उजेडाची खोली मेहिटेबलला द्या, मला माळा चालेल. ती सभागृहात वर सज्जात, प्रेक्षकांत बसणार आहे. निकालानंतर टटल माझ्या कानाशी लागून म्हणाले, “फुगू नकोस रे. आम्हाला पाठवायची होती ती. पण बाईमाणसाला मत नाही, तर खुर्ची कुठली? तू वर बघत जा आणि ती मान हलवेल तसा हात उचल.” मला फार राग आला, मामा. तासभर मी गोठ्यात बसून होतो.

ता. क. हे मेहिटेबलला कळवू नका. मोजणीत एक चिठ्ठी बाद झाली. तिच्यावर मेहिटेबलचं नाव होतं. ती चिठ्ठी माझी.